सड्यावरून समुद्राकडे

वडील गेल्यावर वारसनोंदीसाठी भावाने सातबारे काढून आणले, तेव्हा एका उताऱ्यावरचा एक शब्द मी पहिल्यांदा थांबून वाचला. पोटखराब. नारळी-पोफळीचं आगर, खालची भातखाचरं, उतारावरची वरकस, सगळ्यांचा हिशेब गुंठ्यागुंठ्याने मांडलेला होता. सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा, आमचा जवळजवळ सगळा तुकडा मात्र या एका शब्दाखाली गेला होता. महसुलाच्या भाषेत पोटखराब म्हणजे पीक न येणारी, म्हणून लागवडीच्या हिशेबाबाहेर ठेवलेली जमीन. वडिलांनी याच जमिनीवर गुरं राखली होती. आईने याच तापल्या कातळावर आमसुलं वाळवली होती. आणि आम्ही भावंडं समुद्राकडे धावायचो तीही याच जमिनीवरून.

माझं माहेर राजापूर तालुक्यात, कशेळीच्या पंचक्रोशीत. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून दक्षिणेकडे निघालं की पावस लागतं, मग पूर्णगड, मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल, गावखडी, आणि चढ चढून सड्यावर आलं की कशेळी. मी येते ती उलट बाजूने. लग्नानंतर कोल्हापूरला गेले, तिथे ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि अजूनही अणुस्कुरा घाट उतरून राजापूरमार्गे माहेरी येते. घाटाखाली उतरल्यावर मातीचा रंग बदलत जातो, आणि आडिवऱ्याच्या पुढे एका वळणावर झाडं मागे पडून एकदम आभाळ मोकळं होतं. तिथे मला घरी आल्यासारखं वाटतं. घर अजून तीन-चार किलोमीटर पुढे असतं.

हल्ली आमच्याकडे पाहुणे पुष्कळ येतात. गाडी देवघळीच्या वर थांबते, कड्यावरून खालच्या चंद्रकोरीएवढ्या पुळणीचे फोटो निघतात, आणि गाडी पुढे मालवणच्या किंवा गणपतीपुळ्याच्या रस्त्याला लागते. किनारा म्हणजे वाळू आणि पाणी, अशीच आपल्या सगळ्यांची सवय झाली आहे. पण मला मनापासून वाटतं की आमचा किनारा पाठीकडून बघावा. आधी सडा चालावा, मग कड्याशी यावं, आणि पाण्याकडे सगळ्यात शेवटी जावं. असं केलं तर कडा तिथे का आहे, गावाचं पाणी कुठे जातं, देवळाचा देव घळीतून का आला, हे सगळं एकाच दगडात दिसायला लागतं.

तो दगड म्हणजे जांभा.

मी नऊ-दहा वर्षांची असताना काकांनी घराच्या वरच्या अंगाला विहीर खणायला घेतली होती. शाळा सुटली की आम्ही काठावर बसून राहायचो. आधी कित्येक दिवस नुसता जांभा निघत होता, तांबडा, भोकाभोकांचा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. मग एक दिवस पहारीचा आवाजच बदलला. खालून मऊ, चिकण माती यायला लागली, कुठे पांढुरकी, कुठे गुलाबी, कुठे पिवळी. आम्ही तिच्या बाहुल्या केल्या. त्या मातीच्या वरच्या अंगाला भिंतीतून पाणी पाझरलं, तेव्हा काकांनी नारळ फोडला. त्याच्याही खाली काळा कातळ आहे, हे मला पुढे कॉलेजात कळलं.

त्या विहिरीच्या भिंतीत आमच्या किनाऱ्याची जवळजवळ सगळी गोष्ट उभी कापून ठेवलेली होती. सगळ्यात खालचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याचा. त्यावर उष्ण हवेत लाखो वर्षं पाऊस पडत राहिला. पाण्याने दगडातला वाळूचा अंश, चुना, क्षार विरघळवून नेले, आणि लोखंड व अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहून घट्ट झाली. लोखंडाच्या गंजाने रंग तांबडा झाला. कुजण्याचं काम अर्धवट झालेला मधला थर म्हणजे ती बाहुल्यांची माती. फ्रान्सिस बुकानन या इंग्रजांच्या सेवेतल्या अभ्यासकाने केरळात हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ मध्ये विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट नाव दिलं. आमच्याकडचे लोक त्याच्या कितीतरी आधीपासून त्याचे चिरे काढत होते. खाणीतून निघताना चिरा ओला आणि मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. वाऱ्या-उन्हात सुकला की टणक होतो. आमची घरं, गडगे, पाखाड्या, विहिरींचे काठ सगळं याच दगडाचं आहे.

जांभा चाळणीसारखा आहे, हे मात्र तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि एप्रिल-मे महिन्यात सड्यावरच्या वाड्यांना पाण्याचे हाल होतात. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. पडलेलं पाणी जांभ्याच्या भोकांतून खाली जातं, चिकण मातीवर अडतं, आणि तिच्यावरून सरकत कड्याच्या पोटातून झऱ्यांनी बाहेर पडतं. म्हणजे समुद्रात. माझी आजी गरोदरपणीही कड्याखालच्या झऱ्यावरून हंडे आणत असे. तिने मला सांगितलेलं एक वाक्य मी वर्गात कधी सांगू शकले नाही, पण भूजलाचा धडा शिकवताना दर वर्षी आठवायचं. ती म्हणायची, पाऊस आपल्याकडे येतो, पण राहायला समुद्राकडे जातो.

यंदा मी रथसप्तमीला गेले. भावाचा मुलगा पहाटे साडेपाचला दारात उभा होता. "आत्ये, ऊन वर आलं की काय दिसायचं नाय, चल." तो गावातच राहतो, आंबा-काजू बघतो आणि पाहुण्यांना सडा दाखवतो.

माघातला सडा पावसाळ्यातल्या सड्याहून ओळखू येणार नाही इतका वेगळा. गवत वाळून पिवळं, मध्ये काळवंडलेला कातळ, दूर एखादं वाऱ्याने वाकलेलं झाड. श्रावण-भाद्रपदात याच कातळावर बोटभर मातीत फुलांचे गालिचे असतात: निळी-जांभळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, पिवळा कवला, मध्येच तेरडा. सीतेची आसवं हे नाव नाजूक, पण त्या रोपाला पाण्यातले बारीक जीव पकडणाऱ्या पिशव्या असतात. कातळावरच्या मातीत नत्र फारच कमी, म्हणून त्याने तो असा मिळवायचा मार्ग काढला आहे. पाऊस संपला की चार-सहा आठवड्यांत सगळं बीज टाकून नाहीसं होतं. पोटखराब शब्द लिहिणाऱ्याने जमीन बहुधा उन्हाळ्यात मोजली असावी.

सूर्य उगवायच्या सुमारास आम्ही हत्तीपाशी पोचलो. पूर्वेकडून ऊन नुकतंच कातळाला टेकलं होतं, आणि प्रत्येक खोदरेषेच्या एका बाजूला सावली पडली होती. भाच्याने हाताने हवेत सोंड काढून दाखवली, मग पाठ, मग पाय. आणि मला दिसला. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच हत्ती, जमिनीवर आडवा कोरलेला. एका नजरेत तो मावत नाही, त्याच्याभोवती चालावं लागतं. त्याच्या रेषेच्या आत आणखी कितीतरी आकृत्या आहेत, पशू, पक्षी, मासे. मी त्याच्या कडेकडेने दोन फेऱ्या घातल्या आणि मग खाली बसले. लहानपणी मी या सड्यावरून शेकडो वेळा गेले असेन. आमची म्हातारी माणसं अशा रेषांना पांडवांचं काम म्हणायची, आणि आम्ही त्यावरून उड्या मारत पुढे जायचो.

या चित्रांना आता कातळशिल्पं किंवा कातळखोदचित्रं म्हणतात. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पायी तुडवून, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारून, गेल्या काही वर्षांत ती मोठ्या संख्येने उजेडात आणली. जिल्ह्यातल्या आकृत्यांची संख्या आता हजाराच्या पुढे गेली आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली कातळशिल्पं आली. त्यात कशेळीबरोबर रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ आहे. देवाचे गोठण्याला एका मनुष्याकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते. मी शाळेतलं माझं जुनं होकायंत्र नेऊन ठेवून बघितलं, सुई खरोखर फिरली. जांभ्यातल्या लोखंडाची ही करामत, पण ती नेमकी त्या चित्रापाशीच असावी, याने मी तो सगळा दिवस अस्वस्थ होते.

चित्रं किती जुनी? त्यांच्यावर लिहिलेलं काही नाही, चाक नाही, घोडेस्वार नाही, नांगर नाही. ती मध्याश्मयुगातली, सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आमच्या तालुक्यात आज हत्ती नाहीत, गेंडेही नाहीत. पण या सड्यांवर हत्तीही आहे आणि गेंडाही. ज्याने हा हत्ती कोरला त्याने हत्ती नीट पाहिला होता, यात मला शंका नाही. सोंडेचा बाक ऐकीव माहितीवर जमत नाही.

आणि मासे. कोकणातल्या या चित्रांत मुशी आहेत, पाकट आहेत. भाचा म्हणाला, "कड्यावरून बघितला असेल ना त्यांनी मासा." मी त्याला थांबवलं. गेल्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. मग बर्फ वितळत गेला, पाणी हजारो वर्षं चढत राहिलं, आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी ते आजच्या पातळीच्या आसपास आलं. अभ्यासकांचा अंदाज खरा असेल, तर हत्ती कोरला जात होता तेव्हा कड्याखाली लाटा नसाव्यात, जमीन असावी, आणि समुद्र कितीतरी पश्चिमेला. चित्र कोरणारा माणूस मासे बघायला दूर चालत जात असेल, आणि परत येऊन इथे, या उंचीवर कोरत असेल. भाच्याने पश्चिमेकडे बराच वेळ बघितलं. "म्हणजे आपला समुद्र पाहुणाच की," तो म्हणाला.

हत्तीवरून कोणी चालू नये. रेषा बोटभर खोल आहेत आणि जांभा झिजतो. पाणी ओतून, खडूने गिरवून फोटो काढण्याची पद्धत काही ठिकाणी पडली आहे, ती तर अजिबात नको. सकाळी सातच्या आसपास किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात जावं, गावातला माणूस बरोबर घ्यावा, आणि चपला काढल्या तरी कडेनेच फिरावं.

नऊ वाजता आम्ही देवळात होतो. रथसप्तमी म्हणजे कशेळीच्या कनकादित्याचा मोठा उत्सव. सूर्याची देवळं महाराष्ट्रात मोजकीच, आणि त्यातलं हे आमचं. बाहेरून ते कोकणातल्या कुठल्याही जुन्या देवळासारखं कौलारू, शांत दिसतं. आत गेलं की सभामंडपातलं लाकूडकाम नजर वर खेचतं. मी लहानपणी आरतीच्या वेळी देवाकडे कमी आणि छताकडे जास्त बघायची, म्हणून आई चिमटा काढायची. त्या दिवशी देवळात उभं राहायला जागा नव्हती. मुंबईहून आलेले चाकरमानी, लेकी-सुना, खांद्यावरची पोरं, ढोल. मला दर्शनाला पाऊण तास लागला आणि एक मिनिटही जड गेलं नाही.

देवाची गोष्ट पंचक्रोशीत सगळ्यांना पाठ आहे. गुजरातेत खिलजीच्या फौजा येणार म्हणून सौराष्ट्रातून सूर्याची मूर्ती घेऊन एक गलबत दक्षिणेला निघालं. कशेळीच्या समोर ते अडलं, काही केल्या हलेना. तेव्हा मूर्ती किनाऱ्यावरच्या घळीत ठेवली, आणि गलबत सुटलं. पुढे कनका नावाच्या भाविक बाईला स्वप्नात दृष्टान्त झाला, गावकऱ्यांनी घळीतून मूर्ती वर आणली. कनकेचा आदित्य तो कनकादित्य, आणि देवाची घळ ती देवघळी.

दुसरी साक्ष तांब्याची आहे. पन्हाळ्याहून राज्य करणाऱ्या शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा शके १११३ चा, म्हणजे इसवी सन ११९१ चा ताम्रपट कशेळीचा आहे. रोज १२ ब्राह्मणांना जेवण घालण्यासाठी हे गाव दान दिल्याचं त्यात आहे, आणि ज्या विभागात गाव मोडतं त्याचं नाव आडिवऱ्याचं जुनं रूप आहे. अल्लाउद्दीन खिलजीची गुजरातवरची स्वारी १२९९ ची. म्हणजे गोष्टीतलं गलबत अडलं तेव्हा इथे ओसाड किनारा नव्हता. त्याच्या शंभर वर्षं आधीच दान देण्याजोगं उत्पन्न असलेलं, नावाने ओळखलं जाणारं गाव होतं. कनका कोणी एकटी बाई नव्हे, भरल्या गावातली होती. मला ताम्रपटामुळे गोष्ट खोटी झाल्यासारखी वाटत नाही, उलट तिच्यात माणसं दिसायला लागतात. आणि एक घरगुती कारण असं की हा राजा माझ्या सासरकडचा. पन्हाळ्यावर मुलींच्या सहली मी दर वर्षी नेत होते. त्याच्या दानपत्राची वाट माझ्या माहेरी उतरते, हे मला निवृत्तीच्या जवळ आल्यावर कळलं. कोकणातल्या बंदरांचा माल घाटावर जायचा आणि घाटावरची सत्ता कोकणात उतरायची, ती अणुस्कुऱ्यासारख्या घाटवाटांनीच. माझी एसटीही त्याच वाटेने येते.

देवळातून निघताना भाच्याने घड्याळ बघितलं नाही, बोटं मोजली. आमच्याकडे भरतीचं गणित तिथीवरून करतात. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ येते. काकांना पाऊणकीचा पाढा तोंडपाठ होता, भाच्याला गुणाकार करावा लागतो, उत्तर एकच. सप्तमीला सात पाऊण सव्वापाच. पहाटे सव्वापाचला पूर्ण भरती झाली असेल, म्हणजे साधारण साडेअकराला पूर्ण सुकती. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते, ते तास-मिनिटांचं अंतर या पाऊणकीत बसवलेलं आहे. शाळेत मी भरती-ओहोटी आकृती काढून शिकवली. इथे ती दुसरी-तिसरी शिकलेल्या माणसांना बोटांवर येत होती.

सप्तमी-अष्टमीला मात्र भांग असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप मागे जातं, भांगाला दोन्ही कमी. सूर्याचा उत्सव सप्तमीला, म्हणजे तो दर वर्षी भांगाच्या तोंडावरच येणार. त्यामुळे रथसप्तमीला देवघळीला जाणाऱ्याने समुद्र फार मागे सरकेल अशी आशा ठेवू नये. काळा कातळ थोडाच उघडा पडतो, कालवं चिकटलेला आणि शेवाळाने निसरडा.

खाली उतरण्याआधी कडा वरून बघायचा असतो. इथे काकांचा एक नियम होता आणि तो मी अजून पाळते. कड्याच्या ओठावर उभं राहायचं नाही. दोन पुरुष अंतरावर बसायचं, मग पोटावर झोपून पुढे सरकायचं. आम्हाला तो नुसता धाक वाटायचा. कारण विहिरीतच होतं. वर टणक जांभा, खाली मऊ माती. पावसाळ्यातले झरे ती माती बाहेर वाहून नेतात, खालून लाटा खातात, आणि वरचा जांभा छज्ज्यासारखा पुढे राहतो. वरून तो भक्कम दिसतो. एखाद्या पावसात तो खोलीएवढ्या तुकड्यांनी खाली येतो. देवघळीच्या पायथ्याशी पडलेले ते तांबडे धोंडे पाहिले की कडा कसा मागे हटत जातो ते समजतं. सेल्फी काढणाऱ्या मुलांना आम्ही ओरडतो ते याचसाठी. माझ्या डोळ्यांदेखत एकदा असा ओठ गेला आहे, त्यावर आदल्या दिवशी शेळ्या चरत होत्या.

मी पोटावर झोपून बघितलं. दोन बाजूंना कड्याचे दोन हात, मध्ये इवलीशी पुळण, डाव्या हाताच्या कपारीत घळीची सावली. खाली एक जण कातळावर उभा राहून गरवत होता, कमरेला पिशवी, हातात दोरा. खालून एक काकण वर आला. पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाला आमच्याकडे काकण म्हणतात. तो पंख न हलवता, नुसत्या कड्यावर आपटून वर येणाऱ्या वाऱ्यावर, माझ्या चेहऱ्यासमोरून गेला. पक्ष्याची पाठ वरून बघायला मिळणं, ही या कड्याची मला सगळ्यात आवडती देणगी. वाळू तर कुठेही असते.

घळीशी आम्ही गेलो, वाकून नमस्कार केला. दगडात तिथेही जांभा आणि मातीचा सांधा दिसतो, आणि त्यातून पाणी ठिबकतं. देव आला तो इथे, आणि आजी पाणी भरायची तेही अशाच सांध्यावर. ही जागा एकेकाळी किनाऱ्यावरच्या माणसाला सगळ्यात मोलाची असणार, कारण खाऱ्या पाण्याच्या काठाला गोडं पाणी.

दुपारी पूर्णगडाला जाऊन आलो. किल्ला छोटा, अर्ध्या तासात फिरून होतो. दाराबाहेर मारुती, दारावर गणपती आणि चंद्र-सूर्य, आणि समुद्राकडच्या दरवाजातून मुचकुंदीचं मुख अगदी पायाशी. खाडीत शिरणारी प्रत्येक होडी इथून दिसायची, एवढं एका नजरेत पटतं. पुरातत्त्व विभागाने अलीकडे तट नीट केला आहे. पूल व्हायच्या आधी ही खाडी तरीतून ओलांडायला लागायची, आणि पावसाळ्यात तर बंद असली की माहेरवाशिणी पूर्णगडातच अडकून पडायच्या.

पलीकडे गावखडीची लांब पुळण, मागे सुरूचं बन. हिवाळ्यात इथे रात्री ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. एक कासवीण शंभरच्या आसपास अंडी वाळूत पुरून निघून जाते, ती मागे वळूनही बघत नाही. पूर्वी ही अंडी काढून खाल्ली, विकली जायची, आमच्या वाडीतही. २००२ मध्ये वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने संरक्षणाचं काम सुरू केलं आणि ते हळूहळू किनाऱ्यावर दूरवर पसरलं. आता गावातले कासवमित्र पहाटे पावलांचा माग काढतात, अंडी जाळीच्या आवारात त्याच खोलीवर पुरतात, तारीख लिहितात. ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. त्या संध्याकाळी एका घरट्यातली पिल्लं निघाली होती. टोपलीतून वाळूवर सोडली, पाण्यापासून थोडी दूर, कारण तेवढं अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. माझ्या पायाजवळून एक गेलं, बशीहून लहान, वाळूवर दोन बाजूंना वल्ही मारल्यासारखी नक्षी काढत. साडेपाचची भरती होती, पाणी जवळ आलेलं. एका लाटेने ते उचललं.

रात्री जेवताना भावाने विषय काढला. सड्यावरच्या आमच्या तुकड्यासाठी चिरेखाणवाले दोनदा येऊन गेले आहेत. पोटखराब जमीन, तिथून काय येतं, असं ते म्हणाले, आणि ते खोटं नाही. भावाला मुलीच्या शिक्षणाला पैसे लागणार आहेत. यंत्राचं गोल पातं सड्याला आठ-दहा दिवसांत चौकोनी खड्डा पाडतं आणि मग तिथे ना गवत उगवतं ना रेषा उरते. आंब्यासाठी सुरुंग लावून खड्डे केले तरी तेच होतं. ज्यांना वर्षातले चार महिने हंड्याने पाणी आणायचं आहे, त्यांनी सडा सड्यासाठी राखावा, असं मी शहरात पेन्शन घेऊन सांगणं सोपं आहे. म्हणून मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, आधी बघू तर खरं आपल्या तुकड्यावर काय आहे.

अष्टमीला पहाटे मी, भाचा आणि त्याची धाकटी बहीण खराटे आणि मऊ कुंचे घेऊन वर गेलो. गवत हाताने उपटलं, माती हलक्या हाताने सारली, ऊन तिरपं असेपर्यंत झाडलं, आणि नऊ वाजता थांबलो. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी वाटीएवढे तीन खळगे मिळाले, एका ओळीत. ते माणसाने केलेले की पाण्याने, हे मला सांगता येत नाही, म्हणून त्यांचे फोटो आणि मापं जाणत्यांकडे पाठवली आहेत. तिसऱ्या दिवशी भाचीने मला हाक मारली. खळग्यांच्या खालच्या अंगाला एक बाक होता, हातभर लांब, पुढे मातीखाली गेलेला.

मला त्याच्या पुढच्या दिवशी कोल्हापूरला परतायचं होतं. मी तिकीट पुढे ढकललं. भाचीने गुडघ्यांवर बसून कुंचा हातात घेतला, आणि भाऊ, जो एकदाही आमच्याबरोबर वर आला नव्हता, तो त्या सकाळी चहाचा डबा घेऊन सड्यावर आला आणि खराटा कुठे आहे म्हणून विचारू लागला.